जंतू बाहेरचेच आहेत

३ मार्च, सोमवार

नवी वही. कारण शास्त्रीय आहे, हळवेपणाचं काही नाही.

आज सांध्यांच्या डॉक्टरबाईंकडे जाऊन आलो. अपॉइंटमेंट बायकोने परस्पर घेतलेली. रक्ताचे रिपोर्ट बघून बाई म्हणाल्या, संधिवात आहे. वयाची झीज नव्हे, तो दुसरा प्रकार, ज्यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. आठवड्यातून एकदा गोळी घ्यायची आणि रक्त तपासत राहायचं. उशीर केला तर बोटं वाकडी होतात आणि मग सरळ होत नाहीत, हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा माझ्याकडे न बघता बायकोकडे बघून.

मी कवळ्या बनवतो. बत्तीस वर्षं झाली. गावातले निम्मे डेंटिस्ट माझ्याकडे काम पाठवतात. मेणात दात बसवताना हात केसभर हलला तर माणूस हसताना घोड्यासारखा दिसतो. तेव्हा बोटांचं महत्त्व मला कुणी शिकवू नये.

गोळीची चिठ्ठी खिशात ठेवली आहे. तिथेच बरी आहे.

५ मार्च, बुधवार

सकाळी बोटं धरलेली. सव्वा तास. शर्टाची बटणं बायकोने लावली. तिचे हात रिकामे होते म्हणून लावू दिली.

मेहुण्याने फोनवर एक लेख पाठवला. ह्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा कामाची वस्तू पाठवली. लेखात म्हटलंय की सांध्यांच्या आजारामागे जंतूंचा हात असू शकतो. असू शकतो म्हणजे असतोच. शास्त्रज्ञ माणसं भिडस्त असतात, थेट बोलत नाहीत.

अर्धा वाचला. पुढे फारच लांबण होती. पण मुद्दा कळला. शरीर उगाच स्वतःवर उलटत नाही. कोणीतरी बाहेरचा घुसलाय. त्याला हाकलला की प्रश्न मिटला. गोळी कशाला?

६ मार्च, गुरुवार

प्रयोग सुरू. रोज सकाळी मूठ वळायची, मधलं बोट आणि तळहात यांच्यातलं अंतर मोजायचं. मेणाची जाडी मोजायचा माझा गेज आहे, तो वापरला. उजवा हात नऊ मिलिमीटर, डावा सात. महिन्यात शून्यावर आणतो. लिहून ठेवतोय.

आता जंतू कुठून आले? डोकं चालवलं आणि पाच मिनिटांत सापडलं. कारखान्यातून! डेंटिस्ट लोक पेशंटच्या तोंडाचं माप घेतात. गुलाबी लगदा असतो, तोंडात दाबला की मिनिटाभरात रबरासारखा घट्ट होतो. ते माप आमच्याकडे येतं, आम्ही त्यात प्लास्टर ओतून हिरड्यांचा साचा काढतो. म्हणजे बत्तीस वर्षं मी अनोळखी लोकांची थुंकी हाताळतोय!

लेकीला ऑर्डर दिली: आजपासून प्रत्येक माप जंतुनाशकात रात्रभर बुडवून ठेवायचं. (थोरली. पाच वर्षं माझ्या हाताखाली काम करते. प्लास्टर, पॉलिश उत्तम करते. मेणात दात बसवायचं काम मात्र मी कुणाला देत नाही.) तिने नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर पाटी आहे: "माप आलं की दहा मिनिटांत प्लास्टर. पाण्यात ठेवलं तर फुगतं." अक्षर माझंच आहे.

मी म्हणालो, ज्याने ती पाटी लिहिली त्याने लेख वाचला नव्हता.

९ मार्च, रविवार

घरही साफ करायला घेतलं. भांड्यांचा स्पंज उकळला. दारांच्या कड्या, नळ, टीव्हीचा रिमोट, सगळं पुसलं. रिमोट आता चालत नाही. बायकोने विचारलं की दात घासताना बेसिनमध्ये रोज लाल थेंब असतात, त्यांचं काय. म्हटलं, विषय बदलू नकोस.

१२ मार्च, बुधवार

रात्रभर बुडवलेल्या मापांवरच्या दोन कवळ्या परत आल्या. डेंटिस्टचा फोन: दोन्ही तोंडात डुगडुगतायत. मी सांगितलं, पेशंटच्या हिरड्या आक्रसल्या असतील. तो म्हणाला, दोघांच्याही? चार दिवसांत? म्हटलं, हवा बदललीय.

लेकीने दोन्ही पेशंटची मापं पुन्हा मागवली आणि आल्या आल्या प्लास्टर ओतलं. मी बघितलं. पण मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं.

१४ मार्च, शुक्रवार

पुरावा मिळाला!

काल संध्याकाळी वरचे सहा दात मेणात लावून घरी आलो. निघताना मनात पाल चुकचुकली होती, सुळा जरा आडवा गेलाय, मधली रेघ सरकलीय. हात थरथरत होता, खोटं का बोला. आज सकाळी दिव्याखाली धरून बघतो तर काय! सुळा सरळ. रेघ नाकाच्या शेंड्याखाली अचूक. एकेक दात असा बसलाय की बघत राहावं. पाच मिनिटं हातात घेऊन नुसता उभा होतो. लेकीलाही दाखवलं. म्हटलं, बघ, याला म्हणतात हात. ती हो म्हणाली आणि प्लास्टर कालवायला गेली. तिला कौतुक कळत नाही.

म्हणजे काय, हात सुधारतोय. फक्त संध्याकाळी जाणवत नाही इतकंच.

उजवा हात दहा मिलिमीटर. गेज जुना झालाय.

१७ मार्च, सोमवार

डॉक्टरबाईंकडे दुसरी खेप. जंतूंचा मुद्दा मांडला. वाटलं होतं गडबडतील. त्यांना सगळं ठाऊक निघालं, हा माणसाचा अपमान आहे. म्हणाल्या, बरोबर आहे, संशोधक जंतूंवर संशय घेतात, बरंच काम चाललंय, पक्कं अजून कुणी सांगू शकत नाही. पोटाच्या इन्फेक्शननंतर सांधे धरतात असाही एक प्रकार असतो, पण माझा तो नाही. माझ्या प्रकारात हिरड्यांच्या जंतूंचा संबंध असावा अशी शंका आहे. मग विचारलं, तुमच्या हिरड्या कशा आहेत?

मला हसूच आलं. म्हटलं, बाई, मी कवळ्या बनवतो. हलवायाला साखर कशी असते विचारताय?

त्या म्हणाल्या, हिरड्या तपासून घ्याच, त्यात तोटा नाही. पण गोळीसाठी त्याची वाट बघू नका. मी पेच टाकला: ही गोळी शरीराचे सैनिक झोपवते, आणि शत्रू दारात असताना सैनिक झोपवायचे ही कुठली युद्धनीती? बाई म्हणाल्या, तुमचे सैनिक तुमच्याच घरावर गोळ्या झाडतायत हो.

याला माझ्याकडे खणखणीत उत्तर होतं. पण पुढचा पेशंट आत आला. उत्तर घरी आल्यावर आठवेना.

गोळी: नाही. हिरड्या: हास्यास्पद.

२० मार्च, गुरुवार

लेखाचा उरलेला अर्धा भाग वाचला. सगळा हिरड्यांवर आहे. दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला दिसतो, पहिल्या भागाची सर नाही.

ब्रश गुलाबी झालाय. लाल ब्रश होता, त्याचा रंग जात असणार. नवीन पांढरा आणला.

२१ मार्च, शुक्रवार

पांढऱ्या ब्रशचाही रंग जातो. आजकाल कशालाच क्वालिटी नाही.

२४ मार्च, सोमवार

आजचा प्रसंग लिहू की नको. लिहितो. प्रयोग म्हटला की प्रामाणिकपणा आला.

एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. वरची-खालची दोन्ही कवळ्या नव्या. गुरुवारी त्यांच्या जुन्या शाळेत त्यांचं भाषण आहे, आणि जुन्या कवळीने त्यांचा 'स' शिटीसारखा वाजतो. डेंटिस्टने बजावून सांगितलं होतं, काम वेळेवर हवं. झालं होतं वेळेवर. पॉलिश होऊन चकाकत होतं. देण्याआधी मला वाटलं, आपल्या हातचे जंतू बाईंच्या तोंडात कशाला? उकळत्या पाण्यात तीनच मिनिटं ठेवल्या.

कवळी उकळायची नसते. वाकते. हे मला माहीत आहे. मी स्वतः पेशंटना सांगतो. पण तीन मिनिटं! माणसाने घड्याळावर विश्वास ठेवायचा की नाही?

साच्यावर ठेवली तर तीन पायांच्या खुर्चीसारखी डुलत होती. लेक बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एप्रन बांधला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

२६ मार्च, बुधवार

मुख्याध्यापिकाबाईंच्या कवळ्या आम्ही वेळेत पूर्ण केल्या. मेणाचं काम मी केलं, दोन दिवस संध्याकाळी बसून. सकाळी बघितलं तर पुन्हा तोच चमत्कार. माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम काम. डेंटिस्टला तसं कळवलं.

उजवा हात अकरा मिलिमीटर. पेन धरायला त्रास होतो. पेनच बारीक आहे.

२८ मार्च, शुक्रवार

बंड!

रात्री जेवताना लेकीने, बायकोच्या देखत, सांगितलं की बाबा, गोळी सुरू करा, नाहीतर सोमवारपासून कारखान्यात कशाला हात लावू नका. मी म्हणालो, कारखाना कुणाचा? ती म्हणाली, तुमचाच, म्हणून तर. बायको म्हणाली, पोरगी रोज रडते, तुम्हाला दिसत नाही. मला खरंच दिसलं नव्हतं. डोळ्यांना प्लास्टरची धूळ लागत असेल असं वाटायचं.

पण मी शब्दाला शब्द द्यायला बसलो की मागे हटत नाही. पैज लावली. म्हटलं, सगळ्यांना माझ्या हिरड्यांवर संशय आहे ना? मी डेंटिस्टकडे जातो, तपासून घेतो, तोंडाचं माप देतो. साचा टेबलावर येऊ दे. बत्तीस वर्षांत मी हजारो साचे बघितलेत, प्लास्टर खोटं बोलत नाही. हिरड्या ठणठणीत निघाल्या तर गोळीचं नाव या घरात काढायचं नाही. खराब निघाल्या तर त्याच दिवशी गोळी.

दोघी चटकन कबूल झाल्या. बिचाऱ्या. हरणार आहेत.

२ एप्रिल, बुधवार

डेंटिस्टकडे गेलो. गेली वीस वर्षं मी त्याला माल देतो, आज पहिल्यांदा त्याच्या खुर्चीत आडवा झालो. खालून तो फार मोठा दिसतो.

त्याने एक बारीक सळई हिरडीत खुपसून एकेक आकडा असिस्टंटला सांगितला, तिने लिहून घेतला. पाच, सहा, सहा, सात, पाच, आठ. मोठमोठे आकडे. एका ठिकाणी नऊ पडले. दहापैकी असावेत. एवढे मार्क मला शाळेत कधी पडले नव्हते.

एक्स-रे काढला. माप घेतलं. निघताना त्याने माझा खांदा थोपटला. अभिनंदन असावं.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी कारखान्यात पोचलो तर टेबलावर तीन नवे साचे. लेकीने काल ओतलेले. दोन साच्यांना चिठ्ठ्या लावलेल्या, तिसरा बिनचिठ्ठीचा. माझं माप अजून आलेलं दिसत नव्हतं.

तिसरा उचलला आणि हादरलो. म्हटलं चला, लेकीला शिकवायची संधी आहे. तिला समोर बसवलं आणि बोट फिरवत एकेक गोष्ट समजावून सांगितली. म्हणालो, हे बघ, पुरुष आहे, पन्नाशी उलटलेला. एकाच बाजूने चावतो, कारण दुसऱ्या बाजूला दुखतं. दुखतं हे मान्य करत नाही. हिरड्या किती खाली उतरल्यात बघ, मुळं उघडी पडलीत. खालचे तीन दात नुसते लाजेकाजेस्तव उभे आहेत. हे एका दिवसात होत नाही, दहा-दहा वर्षं लागतात. रोज रक्त येत असणार आणि हा पठ्ठ्या ब्रशला दोष देत असणार. असल्या तोंडात जंतूंनी गाव वसवलंय गाव! याचे सांधे धरले नाहीत तरच नवल.

हे वाक्य मी बोललो. मी स्वतः.

शेवटी म्हणालो, कोण आहे हा, भेटला तर माझा निरोप दे, म्हणावं लाज वाटू दे जरा, घरच्यांचा तरी विचार कर.

लेक म्हणाली, देते. आणि एप्रनच्या खिशातून तिसरी चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली.

५ एप्रिल, शनिवार

प्लास्टर क्वचित फसवतं. ओतताना बुडबुडा राहिला तर.

दुपारी पुन्हा जाऊन बघितलं. बुडबुडा नाही. पोरीने उत्तम ओतलंय.

संध्याकाळी बायकोने पाण्याचा पेला आणि गोळी आणून ठेवली. घेतली. घेतली म्हणजे पैज हरलो म्हणून घेतली, पटली म्हणून नव्हे.

१२ एप्रिल, शनिवार

दुसरी गोळी. डेंटिस्टने हिरड्या साफ करायला घेतल्यात, चार बैठका. आकड्यांचा अर्थही त्याने सांगितला. ते मार्क नव्हते. हिरडी दातापासून किती मिलिमीटर सुटलीय ते होतं. तीनपर्यंत ठीक असतं.

तरी एक गोष्ट नोंदवून ठेवतो: जंतू आहेत हे पहिल्या दिवसापासून कोण सांगत होतं? मी. पत्ता तेवढा चुकला. डॉक्टरबाईंना तसं ऐकवलं. त्या म्हणाल्या, तुमचा संधिवात हिरड्यांमुळेच झाला असं मी म्हणू शकत नाही, नाही असंही म्हणू शकत नाही. म्हणजे मान्य केलं.

१९ एप्रिल, शनिवार

खालचे तीन दात काढले. तीनही एकेका बोटाने निघाले असते, चिमटा उगाच वापरला. तोंडात बोळा. बोलता येत नाही. बायको म्हणाली, घर किती शांत वाटतंय.

३ मे, शनिवार

उजवा हात आठ मिलिमीटर. गेज सुधारलाय. सकाळी बोटं धरतात ती आता पाऊण तास. एक बटण स्वतः लावलं, वरून दुसरं.

पण उजव्या हाताची तर्जनी सरळ होत नाही. डॉक्टरबाईंनी हलक्या हाताने दाबून बघितली. म्हणाल्या, बाकीची बोटं वाचतील, ही एवढी राहणार. किती दिवसांपासून दुखतंय असं त्यांनी मार्चमध्ये विचारलं होतं, तेव्हा मी दोन महिने सांगितलं होतं. आज खरं सांगितलं. दोन वर्षं. त्यांनी लिहून घेतलं, रागावल्या नाहीत. बाहेर आल्यावर मला फार वाईट वाटलं. मेण कोरायचं बोट तेच आहे.

असो. मधल्या बोटाने शिकेन. बत्तीस वर्षांचा अनुभव काही एका बोटात नसतो.

१९ मे, सोमवार

शनिवारी संध्याकाळी मधल्या बोटाने दोन दात लावले. दोन तास. आज सकाळी बघितले तर जसे सोडले होते तसेच. वाकडे. लेक शनिवारपासून सुट्टीवर आहे, तिला ताप आलाय.

म्हणजे लेक रजेवर असली की मेण रात्रीत सुधारत नाही. योगायोग.

योगायोगच असणार.

३१ मे, शनिवार

माझी कवळी झाली. खालची, तीन दातांची. लेकीने केली. सकाळी डेंटिस्टने बसवली, पण आतल्या बाजूला घासत होती म्हणून कारखान्यात लेकीच्या खुर्चीत बसलो. तिने दिवा ओढून घेतला, काढली, घासली, परत बसवली, चावा म्हणाली. मी चूक शोधत होतो. आरशात इकडून बघितलं, तिकडून बघितलं. शेजारच्या दाताचा पिवळा रंगही तिने जुळवलाय. चूक नव्हती.

मग विचारलंच. म्हटलं, माझं मेणाचं काम कधीपासून दुरुस्त करतेयस? म्हटलं मार्चपासून असणार, फार तर फेब्रुवारी.

ती घासायच्या मशीनशी खटपट करत म्हणाली, दीड वर्ष झालं, बाबा.

दीड वर्ष. मनात एकेक काम मोजून बघितलं. मुख्याध्यापिकाबाईंचं. त्या आधीची, ज्यांच्यासाठी डेंटिस्टने पेढे पाठवावेत तसा फोन केला होता ती सगळी. दीड वर्षात ज्या ज्या कामावर मी छाती फुगवली त्यातलं एकही माझं नव्हतं. म्हटलं, मग कारटे, सांगितलं का नाहीस?

ती म्हणाली, तोंड उघडा. उघडलं. ती कवळी काढत खाली बघून म्हणाली, सकाळी तुम्ही ते हातात घेऊन किती खूश व्हायचात.

तिचा हात तोंडात होता. मी तोंड उघडंच ठेवलं.